विश्वाचे घरटे

बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात बोलपूर नावाचे गाव आहे. त्या गावाजवळ एके काळी लाल मातीचे उजाड माळरान पसरले होते. त्यावर सातविणीची दोन झाडे तेवढी सावली धरून उभी होती. १८६३ साली महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर त्या वाटेने जात असता या झाडांखाली विसावले. तेथील शांतता त्यांच्या मनाला भावली. त्यांनी सभोवारची वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली, तेथे एक घर बांधले व त्याला शांतिनिकेतन असे नाव दिले. पुढे १८८८ साली त्यांनी ही जागा सार्वजनिक उपासनेसाठी अर्पण केली. कोणत्याही जातीच्या वा पंथाच्या माणसाने येथे यावे, परंतु कोणत्याही धर्माची निंदा मात्र येथे होऊ नये, असे त्यांनी दानपत्रात लिहून ठेवले. याच जागेवर त्यांच्या पुत्राने पुढे एक शाळा काढली. त्या शाळेतील झाडांखाली देशोदेशींची माणसे एकत्र बसून शिकू लागली. तो पुत्र म्हणजे कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर. टागोर या नावानेही आपण त्यांना ओळखतो.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोडासांको भागात, ठाकूरांच्या वाड्यात झाला. घर मोठे होते, माणसे पुष्कळ होती आणि विद्या व कला यांचा तेथे सुकाळ होता. परंतु शाळेत मात्र रवीचे मन कधीच रमले नाही. एक शाळा सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी असे करूनही उपयोग झाला नाही. चार भिंती, कठोर शिक्षक आणि अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी यांचा त्याला वीट आला. त्यांपैकी एका शाळेत दिवसाचा आरंभ एका इंग्रजी गाण्याने होत असे. सारी मुले ते एका सुरात म्हणत. पण त्याचा अर्थ एकालाही ठाऊक नव्हता. म्हणता म्हणता त्या गाण्यातील शब्द इतके झिजले की, ते कोणत्या भाषेतील आहेत हेही ओळखता येईना. परकी भाषा नुसती कानांवर आदळली म्हणजे ती मुलांच्या मनात शिरत नाही, ही गोष्ट रवीने त्या कोवळ्या वयातच अनुभवली.

शाळेची एकच आठवण त्याला गोड वाटे. सेंट झेवियर विद्यालयात एक स्पॅनिश धर्मगुरू कधीकधी वर्गावर येत. त्यांना इंग्रजी नीट बोलता येत नसे, म्हणून मुले त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नसत. एके दिवशी मुले लिहीत असता रवी हातात लेखणी घेऊन नुसताच बसून राहिला होता. ते गुरुजी बाकांमधून फिरत त्याच्यामागे आले, खाली वाकले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बरे वाटत नाही काय, असे हळुवारपणे विचारले. एवढीच ती गोष्ट. पण दूर देशाहून आलेल्या, वेगळ्या धर्माच्या त्या माणसाचा मायेचा स्पर्श रवींद्रनाथ जन्मभर विसरले नाहीत.

रवी सुमारे बारा वर्षांचा असताना, १८७३ साली, वडील त्याला आपल्याबरोबर हिमालयात घेऊन गेले. वाटेत प्रथम शांतिनिकेतन येथे व नंतर अमृतसर येथे त्यांचा मुक्काम झाला. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात दिवसभर भजन चाले. देवेंद्रनाथ रवीला घेऊन तेथे जात, शीख भक्तांच्या मेळ्यात बसत आणि मधूनच स्वतःचाही सूर त्यांच्या भजनात मिळवीत. एक परका यात्रेकरू आपल्या भजनात रंगलेला पाहून त्या भक्तांना आनंद होई व ते त्याचे प्रेमाने स्वागत करीत. आपल्या धर्मावर अढळ निष्ठा असलेला माणूस दुसऱ्याच्या उपासनेतही मनापासून सामील होऊ शकतो, हा धडा रवीने कोणत्याही पुस्तकावाचून शिकून घेतला.

सतराव्या वर्षी त्यांचा महाराष्ट्राशी संबंध आला. त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय होते व मुंबई इलाख्यात न्यायाधीशाचे काम करीत होते. विलायतेस जाण्यापूर्वी रवींद्रनाथांना इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा, म्हणून १८७८ साली त्यांना मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवण्यात आले. एका बंगाली तरुणाने एका मराठी कुटुंबात राहून इंग्रजी भाषेचा अभ्यास केला! घराबाहेर पडून दुसऱ्यांच्या घरात राहिल्याने किती शिकायला मिळते, हे त्यांना तेथे कळले.

स्वतःची मुले मोठी होऊ लागली, तेव्हा त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे आला. आपल्याला ज्या शाळांनी दुःख दिले तशा शाळेत मुलांना पाठवावयाचे नाही, असे रवींद्रनाथांनी ठरविले. २२ डिसेंबर १९०१ रोजी त्यांनी शांतिनिकेतन येथे स्वतःची शाळा सुरू केली. आरंभी विद्यार्थी होते अवघे पाच. त्यांपैकी एक त्यांचा पुत्र रथींद्रनाथ होता. शाळेसाठी पैसा हवा होता. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने काढून दिले. जगन्नाथपुरीचे घरही विकावे लागले. पुढील काही वर्षांत तर दुःखाचे डोंगर कोसळले. १९०२ साली मृणालिनीदेवी वारल्या; १९०३ साली मुलगी रेणुका गेली; १९०५ साली वडिलांचे छत्र हरपले; आणि १९०७ साली धाकटा मुलगा शमींद्र पटकीच्या आजाराने दगावला. तो अवघा अकरा वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने शाळेतील मित्रांना जमवून वसंत ऋतूचा उत्सव केला होता. एवढे आघात होऊनही रवींद्रनाथांनी शाळा बंद पडू दिली नाही.

ही शाळा प्रथमपासूनच सर्वांसाठी मोकळी होती असे मात्र नाही. प्राचीन ऋषींच्या आश्रमांसारखा आश्रम उभारावा, अशी रवींद्रनाथांची तेव्हा कल्पना होती. त्या कल्पनेबरोबर जुन्या रूढीही आश्रमात आल्या. ब्राह्मण विद्यार्थ्यांनी ब्राह्मणेतर शिक्षकांच्या पायांना हात लावून नमस्कार करावा की नाही, असा वाद १९०२ साली निघाला, तेव्हा रवींद्रनाथांनी रूढीलाच मान दिला. ब्राह्मण मुलांची पंगतही निराळी बसे. १९११ साली एका मुसलमान विद्यार्थ्याला प्रवेश देण्याचा प्रश्न आला. आता रवींद्रनाथांचे मत बदलले होते व त्या मुलाला घ्यावे असे त्यांना वाटत होते. पण शाळेतील इतरांची मने तयार नव्हती. तो विचार त्या वेळी मागे पडला. मोठ्या माणसांनाही शिकावे लागते आणि एकट्याने शिकून भागत नाही, इतरांनाही बरोबर न्यावे लागते, याचा अनुभव त्यांना येत होता.

दुसऱ्या बाजूने आश्रमाची दारे हळूहळू उघडत होती. शाळेच्या उभारणीत साहाय्य करणारे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. १९०२ साली शितोकु होरी नावाचे तरुण जपानी गृहस्थ संस्कृत शिकण्यासाठी येऊन राहिले. १९०५ साली जपानहूनच सानो नावाचे शिक्षक आले व मुलांना ज्युदो ही कुस्तीची विद्या शिकवू लागले. १९०८ साली आलेले पंडित क्षितिमोहन सेन हे कबीरादी संतांच्या पदांचे मोठे अभ्यासक होते. १९१० सालच्या २५ डिसेंबरला काचेच्या भिंतींच्या उपासनामंदिरात मुलांनी व शिक्षकांनी येशू ख्रिस्ताचे स्मरण केले. तेव्हापासून दरवर्षी हा दिवस पाळण्याचा प्रघात पडला.

या शाळेतील शिकविण्याची रीतही आगळी होती. वर्ग भरत ते आमराईत किंवा शालवृक्षांच्या सावलीत. प्रत्येक मुलगा आपले आसन घेऊन येई व गुरुजींच्या भोवती बसे. पावसाची सर आली की वर्ग मोडे. शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. शिक्षकांनी मुलांना मारावयाचे नाही, असा दंडक होता. कोणी चुकले तर मुलांनी निवडलेली पंचायत न्याय करी. गाणे, चित्रकला व नाटक ही फावल्या वेळची करमणूक समजली जात नसे. गणिताइतकेच त्यांना महत्त्व होते. रवींद्रनाथ स्वतः मुलांसाठी नाटके व गाणी लिहीत आणि त्यांच्याबरोबर रंगमंचावर कामही करीत. ऋतूंचे उत्सव हा तर या शाळेचा प्राणच होता. पावसाळ्याचे, शरदाचे व वसंताचे स्वागत सारी मुले मिळून करीत. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो आणि वसंत कोणाची जात विचारीत नाही. म्हणून या उत्सवांत कोणालाही परके वाटत नसे.

१९१३ साली गीतांजली या काव्यासाठी रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले. साहित्याचे हे पारितोषिक मिळविणारे ते आशियातील पहिले लेखक होते. शांतिनिकेतनचे नाव आता जगभर झाले. चार्ल्स अँड्र्यूज व विल्यम पिअर्सन हे दोन इंग्रज सज्जन १९१४ साली येथे राहावयास आले आणि आश्रमाचेच झाले. पिअर्सन यांनी जवळच्या संथाळ आदिवासींच्या वस्तीतील मुलांना शिकविण्याचे काम अंगावर घेतले.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक पाहुण्यांचा मेळा आला. दक्षिण आफ्रिकेतील महात्मा गांधींच्या फिनिक्स आश्रमातील ती मुले होती. त्यांच्यांत निरनिराळ्या प्रांतांतील घराण्यांची मुले होती आणि स्वतःची सारी कामे स्वतः करण्याची त्यांना सवय होती. १९१५ सालच्या फेब्रुवारीत व पुन्हा मार्चमध्ये गांधीजी स्वतः तेथे आले. आपले मराठी विचारवंत दत्तात्रेय बाळकृष्ण ऊर्फ काकासाहेब कालेलकर हेही त्या वेळी शांतिनिकेतनात होते. तेथेच त्यांची गांधीजींशी भेट झाली. पगारी आचारी व नोकर कशाला हवेत, मुलांनी व शिक्षकांनीच स्वयंपाक करावा, असे गांधीजींनी सुचविले. रवींद्रनाथांनी आनंदाने संमती दिली. १० मार्च १९१५ रोजी हा प्रयोग सुरू झाला. कोणी भाजी चिरू लागले, कोणी धान्य निवडू लागले, कोणी फावडी घेऊन परिसर झाडू लागले. भांडी घासणाऱ्यांना कंटाळा येऊ नये, म्हणून काही मुले त्यांच्याजवळ बसून सतार वाजवीत. प्रयोग फार दिवस टिकला नाही. परंतु १० मार्च हा दिवस शांतिनिकेतनात त्याची आठवण म्हणून पाळला जाऊ लागला.

निराळ्या पंगतीचा प्रश्न याच सुमारास पुन्हा निघाला. हा भेद ताबडतोब बंद करावा, असे गांधीजींचे मत होते. रवींद्रनाथांनाही तो भेद नको होता. परंतु मुलांवर सक्ती करणे त्यांना पटत नव्हते. हुकूम देऊन एका पंगतीत बसविलेली मुले मनाने दूरच राहतील, समज आल्यावर ती आपण होऊन जवळ येतील, असा त्यांचा विश्वास होता. दोघांचेही ध्येय एकच होते, वाट तेवढी वेगळी होती. पुढे शांतिनिकेतनातील ही प्रथा मावळली.

त्या वेळी युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. १९१६ साली रवींद्रनाथ जपान व अमेरिका येथे गेले. सुधारलेली राष्ट्रे एकमेकांच्या द्वेषाने आंधळी झालेली पाहून त्यांचे मन व्यथित झाले. आपल्या देशाचा अभिमान म्हणजे दुसऱ्या देशाचा तिरस्कार नव्हे, हे त्यांनी त्या देशांतील लोकांना भर सभांत सांगितले. पुष्कळांना ते रुचले नाही. नुसती भाषणे करून काय होणार? लहानपणापासून एकमेकांच्या सहवासात शिकलेली माणसेच द्वेषाला आवर घालू शकतील. म्हणून आपली शाळा साऱ्या जगाशी जोडावी, असा संकल्प त्यांनी केला. डिसेंबर १९१८ मध्ये नव्या संस्थेची कोनशिला बसली आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारती ही संस्था राष्ट्राला अर्पण झाली. सारे विश्व जेथे एका घरट्यात नांदते, अशा अर्थाचे एक वेदवचन तिचे बोधवाक्य झाले.

हा काळ मोठ्या कसोटीचा होता. १९१९ साली अमृतसरच्या जालियनवाला बागेत इंग्रज सरकारच्या सैन्याने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. रवींद्रनाथांनी सरकारने दिलेली सर ही पदवी परत करून त्या अन्यायाचा निषेध केला. देशात असहकाराची लाट उसळली. परकी ते सारे टाकून द्यावे, असे अनेकांना वाटू लागले. अशा वेळी पाश्चात्त्य विद्वानांना आपल्या शाळेत बोलाविणाऱ्या रवींद्रनाथांवर टीका झाली. पण ते डगमगले नाहीत. अन्याय करणाऱ्या सत्तेला विरोध करणे वेगळे आणि त्या देशातील माणसांचा व विद्येचा द्वेष करणे वेगळे, असे त्यांना वाटे. शांतिनिकेतनातील मुलांना हा फरक समजावून सांगावा लागत नव्हता. अँड्र्यूज व पिअर्सन हे इंग्रज गुरुजी त्यांच्या डोळ्यांपुढेच होते.

विश्वभारतीत हळूहळू जग गोळा होऊ लागले. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही हे बाहेरून आलेले पहिले अभ्यागत प्राध्यापक. १९२१ साली सिल्हेटकडील सय्यद मुज्तबा अली हा मुसलमान तरुण विद्यार्थी म्हणून दाखल झाला. दहा वर्षांपूर्वी जे दार उघडले नव्हते, ते आता उघडले. पुढे हा विद्यार्थी बंगालीतील नामवंत लेखक झाला. निजामाने इस्लामी विद्येच्या अभ्यासासाठी एक लाख रुपये दिले. हंगेरीचे ग्युला गेर्मानुस त्या विषयाचे अध्यापक म्हणून १९२९ साली आले. इराणचे विद्वान पूरे दाऊद यांनी प्राचीन इराणची संस्कृती शिकविली. चीनचे तान युन-शान १९२८ साली आले, ते तेथेच राहिले. त्यांच्या परिश्रमांनी १९३७ साली चीनभवन उभे राहिले.

भारतातील प्रांतही एकमेकांना भेटू लागले. १९१९ साली सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहून रवींद्रनाथ मोहून गेले. त्यांनी त्रिपुरेहून त्या नृत्याचे शिक्षक आणविले आणि बंगाली मुले मणिपुरी ठेका धरू लागली. भीमरावशास्त्री हे मराठी गवई मुलांना शास्त्रीय संगीत शिकवीत. थोर चित्रकार नंदलाल बसू यांच्या कलाभवनात कोल्हापूरचे विनायक मासोजी विद्यार्थी म्हणून आले व पुढे तेथेच शिक्षक झाले. हजारीप्रसाद द्विवेदी यांनी हिंदीचे अध्यापन केले. १९२२ साली जवळच्या सुरुल गावी श्रीनिकेतन स्थापन झाले. इंग्लंडचे लिओनार्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने तेथे शेती व ग्रामोद्योग यांचे शिक्षण सुरू झाले. जगाशी नाते जोडताना शेजारच्या खेड्याला विसरावयाचे नाही, हा रवींद्रनाथांचा कटाक्ष होता.

एवढा मोठा संसार चालविणे सोपे नव्हते. नोबेल पारितोषिकाचे उत्पन्न, ग्रंथांचे उत्पन्न, सारे शाळेला देऊनही पैसा पुरत नसे. वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, प्रकृती ठीक नसताना, ते विद्यार्थ्यांना घेऊन नृत्यनाट्याचे प्रयोग करीत गावोगाव हिंडत होते. १९३६ साली हे पाहून गांधीजींना वाईट वाटले. त्यांनी साठ हजार रुपये मिळवून दिले आणि वृद्ध कवीला परत आश्रमात पाठविले.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथांनी देह ठेवला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते व जगात द्वेषाचा वणवा भडकला होता. त्या वणव्यात त्यांच्या एका नाटकाने काही मुलांना धीर दिला. डाकघर नावाचे ते नाटक. अमल नावाचा आजारी मुलगा खिडकीशी बसून बाहेरच्या विशाल जगाची वाट पाहतो, अशी त्याची कथा आहे. पोलंडमधील वॉर्सा शहरात नाझी सैन्याने ज्यू लोकांना कोंडून ठेवले होते. तेथील अनाथालयाचे चालक यानुश कोर्चाक यांनी जुलै १९४२ मध्ये आपल्या मुलांकडून हे नाटक करविले. थोड्याच दिवसांनी त्या मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेण्यात आले. कोर्चाकही त्यांना न सोडता त्यांच्याबरोबर गेले. बंगालमधील एका शिक्षकाने लिहिलेले शब्द हजारो कोस दूरच्या, वेगळ्या धर्माच्या मुलांना अखेरच्या दिवसांत आपले वाटले.

१९५१ साली विश्वभारती हे केंद्रीय विद्यापीठ झाले आणि २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. साने गुरुजींनी महाराष्ट्रात आंतरभारतीची कल्पना मांडली, तिलाही विश्वभारतीपासूनच स्फूर्ती मिळाली होती. भारतातील निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात व एकमेकांच्या घरी जावे, असे गुरुजींचे स्वप्न होते.

रवींद्रनाथांनी भारताला राष्ट्रगीत दिले व बांगलादेशाच्या राष्ट्रगीताचे शब्दही त्यांचेच आहेत. परंतु कवी म्हणून ते जितके मोठे, तितकेच शिक्षक म्हणूनही मोठे होते. दुसऱ्याची भाषा, दुसऱ्याचे गाणे, दुसऱ्याचा सण यांची माहिती पुस्तकातून मिळते. पण त्यांच्याविषयीचे प्रेम मात्र एका झाडाखाली शेजारी बसून, एका पंगतीत जेवून आणि एका सुरात गाऊनच उपजते. हे प्रेम त्यांच्याही शाळेत एका दिवसात उपजले नाही. त्यासाठी त्यांना वीस वर्षे वाट पाहावी लागली आणि प्रथम स्वतःला बदलावे लागले. वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा सोबती वेगळी भाषा बोलत असेल, वेगळे अन्न खात असेल, वेगळ्या देवाची प्रार्थना करीत असेल, तर त्याच्यासाठी आपल्या बाकावर थोडी जागा करून देणे, हेच रवींद्रनाथांचे खरे स्मरण होय.